ड्रॅक्युलाची तलफ

१९५५ सालचा एप्रिल महिना. लॉस एंजलिसच्या सरकारी रुग्णालयात बहात्तर वर्षांचा एक म्हातारा आपणहून आला. आपल्याला अमली औषधांचं व्यसन आहे, ते आपल्याच्याने सुटत नाही, तेव्हा आपल्याला दाखल करून घ्यावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. उंच बांधा, पण अंगावर मांस म्हणून उरलेलं नाही. पायांवर सुयांच्या खुणा. बोलणं मात्र अजूनही तेच, संथ, जड, प्रत्येक शब्दाला वजन देणारं, मध्य युरोपातल्या माणसाचं इंग्रजी. या आवाजाने चोवीस वर्षांपूर्वी साऱ्या अमेरिकेची झोप उडवली होती. वृत्तपत्रांना आणखी काय हवं? पडद्यावर माणसांचं रक्त पिऊन जगणारा सरदार ड्रॅक्युला खऱ्या आयुष्यात सुईच्या आहारी गेला होता. मथळा आयताच मिळाला आणि तो सगळ्यांनी छापला.

या म्हाताऱ्याचं नाव बेला लुगोसी.

रक्तपिपासू पिशाच्चांचे चित्रपट म्हणजे व्यसनाचीच रूपकं, असं आता समीक्षक सर्रास म्हणतात आणि ते खोटं नाही. बिल गन या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने १९७३ साली ‘गांजा अँड हेस’ काढला (यातला गांजा म्हणजे आपल्याला वाटतो तो नव्हे, ते नायिकेचं नाव आहे). निर्मात्यांना हवा होता नेहमीचा भयपट. गनने काढली ती रक्ताची चटक लागलेल्या एका विद्वानाची शोककथा. जॉर्ज रोमेरोच्या ‘मार्टिन’मधल्या (१९७८) पोराला सुळे नाहीत, त्याच्या खिशात इंजेक्शनची सिरिंज आणि दाढीचं पातं असतं. कॅथरीन बिगेलोच्या ‘निअर डार्क’मध्ये (१९८७) पिशाच्च झालेला पोरगा अंगातलं रक्त बदलल्यावर बरा होतो, म्हणजे जवळजवळ व्यसनमुक्तीचाच उपचार. आणि एबल फेरारा, जो स्वतः वर्षानुवर्षं हेरॉइन घेत होता, त्याने १९९५ साली आपल्या कृष्णधवल चित्रपटाचं नावच ‘द अ‍ॅडिक्शन’ ठेवलं. त्यातली तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी फुटपाथवर झोपलेल्या माणसाच्या दंडातून सिरिंजने रक्त काढते आणि ते स्वतःच्या शिरेत टोचून घेते. रूपक म्हणायला तिथे फारसं काही उरतच नाही.

पण हे सगळे नंतरचे. पिशाच्चाला ज्याने चेहरा दिला, झगा दिला, आवाज दिला, त्याने हे रूपक पडद्याबाहेर आधीच जगून घेतलं होतं. आणि त्याच्या जगण्यात एक गोष्ट अशी आहे, जी या चित्रपटांना बहुधा सुचत नाही. ती पुढे येईलच.

बेला फेरेन्स देझो ब्लाश्को हे त्याचं जन्मनाव. जन्म २० ऑक्टोबर १८८२चा, लुगोस गावी. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आता रुमानियात आहे, आणि ट्रान्सिल्व्हेनियापासून फार लांब नाही. म्हणजे ड्रॅक्युलाच्या मुलखाचा शेजारी म्हणायला हरकत नाही. नाटकात आल्यावर त्याने गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं. हंगेरियन भाषेत लुगोशी म्हणजे लुगोसचा राहणारा. आपल्याकडे सातारकर किंवा नगरकर असतात, तसा हा लुगोसकर. अमेरिकेत त्याचं लुगोसी झालं.

वडील आधी बेकरीवाले, पुढे बँकेत चांगल्या हुद्द्यावर. पोराचं शाळेत मन रमलं नाही. बारा वर्षांचा होईतो शाळा सुटली, घरही सुटल्यासारखंच झालं. खाणीत, रेल्वेच्या कामावर, जिथे मिळेल तिथे त्याने राबून काढलं. मग फिरत्या नाटक मंडळ्या. शब्दांवर हुकूमत आली, शेक्सपिअरच्या नाटकांतून कामं मिळाली आणि १९१३ साली बुडापेस्टच्या राष्ट्रीय रंगभूमीवर प्रवेश झाला. तिथल्या त्याच्या भूमिका बहुतेक लहानच होत्या. पुढे हॉलिवूडच्या जाहिरातबाजांनी त्याला हंगेरीचा नटसम्राट करून टाकलं, तो भाग निराळा. एक मात्र खरं, की पुढे सैतानाचा अवतार म्हणून गाजलेल्या या माणसाने तिकडे येशू ख्रिस्ताची भूमिकाही केली होती. दाढी, लांब केस, डोळ्यांत करुणा असलेलं त्याचं छायाचित्र आजही पाहायला मिळतं, आणि ड्रॅक्युला पाहिलेल्याला ते पाहून चमकायला होतं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं. राष्ट्रीय रंगभूमीच्या नटांना सैन्यातून सूट होती, तरी हा गेला. रशियाच्या आघाडीवर जखमी झाला आणि १९१६मध्ये परतला. त्याच्या पायांचं दुखणं या जखमांपासूनचं, असं पुढे सांगितलं जाई. युद्ध हरलेल्या हंगेरीत १९१९ साली बेला कुनचं साम्यवादी सरकार आलं आणि १३३ दिवसांत कोसळलं. त्या दिवसांत लुगोसी नटांची संघटना बांधण्यात पुढे होता. सरकार पडताच अशा लोकांची धरपकड सुरू झाली. तो आधी व्हिएन्नाला आणि तिथून बर्लिनला पळाला. पुढच्या वर्षी बायकोशी घटस्फोट झाला. बर्लिनमध्ये एफ. डब्ल्यू. मुर्नाऊच्या एका चित्रपटात त्याला बटलरचं किरकोळ काम मिळालं. हाच मुर्नाऊ दोन वर्षांनी ‘नोस्फेराटू’ काढणार होता, पडद्यावरचा पहिला मोठा रक्तपिशाच्चपट. पण तोवर लुगोसी अमेरिकेत होता. १९२०च्या डिसेंबरात एका मालवाहू जहाजावर खलाशाचं काम करत तो न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात उतरला. वय अडतीस. इंग्रजीचा एक शब्द येत नाही.

न्यू यॉर्कमध्ये हंगेरियन मंडळींना जमवून त्याने नाटकं केली. १९२२मध्ये ‘द रेड पॉपी’ या इंग्रजी नाटकात काम मिळालं, तेव्हा त्याने सगळे संवाद अर्थ न कळता नुसत्या ध्वनीवरून पाठ केले. संथेच्या पोरासारखे. समीक्षकांना काम आवडलं. आणि मग १९२७ साली ड्रॅक्युला त्याच्याकडे चालत आला.

ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला पाहिला तर लुगोसी आठवणारही नाही. तो पांढऱ्या मिशांचा, तळहातावर केस असलेला, तोंडाला घाण मारणारा म्हातारा आहे. इंग्लंडमध्ये हॅमिल्टन डीनने त्याचं नाटक केलं तेव्हा पिशाच्चाला दिवाणखान्यात वावरायचं होतं. म्हणून त्याच्या अंगावर रात्रीच्या मेजवानीचा काळा पोशाख चढला आणि वर झगा आला. त्या झग्याच्या उंच उभ्या कॉलरचं रहस्य तर अगदीच नाटकी आहे. रंगमंचावरच्या झडपेतून नटाला गायब व्हायचं असे. पाठमोरा उभा राहिला की कॉलरमुळे त्याचं डोकं झाकलं जाई, झगा इतरांच्या हातात राही आणि नट खाली निसटलेला असे. ही सोय पुढे जगभरच्या पिशाच्चांचा गणवेश झाली. आपल्या मुंबईत रामसे बंधूंनी ‘बंद दरवाजा’ (१९९०) काढला, त्यातला नेवला हाही अखेर याच घराण्यातला.

ब्रॉडवेच्या फुल्टन थिएटरमध्ये ५ ऑक्टोबर १९२७ला नाटक उघडलं आणि २६१ प्रयोग झाले. लुगोसीने त्या सोयीच्या झग्यात एक माणूस उभा केला. रुबाबदार, अदबशीर, परका. बायकांच्या हाताचं चुंबन घेताना तो मान अशी झुकवी की प्रेक्षागृहात हुरहूर आणि भीती एकदमच दाटून येई. इंग्रजी त्याची मातृभाषा नव्हती, त्यामुळे वाक्यं अडखळत नव्हे, पण अनोळखी जागी थांबे घेत येत. हा दोष त्या भूमिकेत दागिना ठरला.

युनिव्हर्सल कंपनीने चित्रपट करायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या यादीत लुगोसीचं नाव वर नव्हतं. लॉन चेनीसारख्या बड्या नटाचा विचार होता, पण १९३०च्या ऑगस्टमध्ये तो वारला. लुगोसीने या भूमिकेसाठी जिवाचं रान केलं. स्टोकरच्या विधवेशी हक्कांसाठी पत्रव्यवहार करण्यात त्याने कंपनीला फुकट मदत केली. गरज अशी उघडी पडली की समोरचा भाव पाडतोच. आठवड्याला ५०० डॉलर, सात आठवडे. ज्या चित्रपटाने संकटात सापडलेल्या कंपनीला हात दिला, त्याच्या नायकाच्या हाती ३,५०० डॉलर पडले.

टॉड ब्राऊनिंगचा ‘ड्रॅक्युला’ फेब्रुवारी १९३१मध्ये लागला. आज पाहताना तो बराच ठिकाणी रेंगाळतो, उत्तरार्ध तर चित्रित केलेलं नाटकच वाटतो. पण कार्ल फ्रॉइंडच्या कॅमेऱ्याने डोळ्यांवर टाकलेल्या त्या दोन बारीक प्रकाशपट्ट्या आणि जिन्यावर मेणबत्ती घेऊन उभा असलेला तो सरदार यांचा दरारा अजून ओसरलेला नाही. गंमत म्हणजे या चित्रपटात ड्रॅक्युलाचे सुळे एकदाही दिसत नाहीत. चावाही दिसत नाही. सगळं झग्याआड घडतं.

व्यसनाचं रूपक शोधायचं तर या पहिल्या चित्रपटात ते ड्रॅक्युलात सापडत नाही, रेनफिल्डमध्ये सापडतं. ड्वाइट फ्राय या नटाने तो केला आहे. जागेच्या व्यवहाराची कागदपत्रं घेऊन गेलेला हा सरळमार्गी माणूस परततो तो माश्या आणि कोळी खाणारा वेडा होऊन. तो लपवतो, खोटं बोलतो, शपथा घेतो, रडतो, पुन्हा मालकाच्या पायाशी जातो, आणि मालक त्याला जिन्यावरून खाली फेकतो. ज्यांनी घरात व्यसनी माणूस पाहिला आहे त्यांना रेनफिल्ड नवा वाटणार नाही. ड्रॅक्युला इथे व्यसनी नाहीच. तो माल पुरवणारा आहे. त्याला वेदना नाही, पश्चात्ताप नाही. फक्त एका प्रसंगात, नाट्यगृहात, तो खरोखरीच्या मरणाबद्दल हेव्याने बोलतो आणि क्षणभर त्याच्याही घशाला पडलेली कोरड जाणवते.

पाच वर्षांनी युनिव्हर्सलनेच काढलेल्या ‘ड्रॅक्युलाज डॉटर’मध्ये (१९३६) मात्र पिशाच्चाची बाजू पहिल्यांदा पुढे आली, आणि माझ्या मते या साऱ्या परंपरेची खरी सुरुवात तिथे आहे. बापाचं प्रेत जाळून ही सरदारकन्या मोकळी झाल्याचा श्वास टाकते. एक रात्र पियानो वाजवत काढते. पण तलफ परत येते. मग ती चक्क मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरकडे जाते, आपल्याला काय होतं ते आडवळणाने सांगते आणि यातून सोडवा म्हणते. डॉक्टर शहाणा. मोहाला सामोरं जा, मन खंबीर कर, असा सल्ला देतो. ती एका गरीब मुलीला चित्रासाठी बसायला बोलावते, स्वतःची परीक्षा घ्यायला. परीक्षेत काय होतं ते सांगायला नको. जोडीला एक नोकर आहे, जो तिने बरं होऊच नये म्हणून सतत कानाशी कुजबुजत असतो. प्रत्येक व्यसनी माणसाच्या भोवती असा एक मित्र असतो.

या चित्रपटात लुगोसी नाही. शवपेटीत त्याचा मेणाचा पुतळा आहे. आणि हा योगायोग मला फार अस्वस्थ करतो, कारण खुद्द लुगोसीच्या पायांतल्या कळांवर मॉर्फीनची सुई सुरू झाली ती याच १९३०च्या दशकात.

तोवर त्याची घसरण लागली होती. ‘ड्रॅक्युला’नंतर लगेच त्याला ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस देऊ केला होता. चेहरा रंगाखाली लपवायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, हे त्याला नटाचा अपमान वाटलं. ती भूमिका बोरिस कार्लोफकडे गेली आणि कार्लोफ मोठा झाला. बारा वर्षांनी, साठीला पोचल्यावर, लुगोसीने तोच राक्षस पोटासाठी केला, आणि त्याचे बोललेले संवाद संकलनात कापून टाकले गेले. पैसा त्याला कधी धरून ठेवता आला नाही. १९३२ सालीच, म्हणजे कीर्तीच्या ऐन भरात, त्याने दिवाळखोरी जाहीर केली होती. हंगेरियन मित्रांच्या पंगती, वाद्यवृंद, दारू, सिगार असा सगळा थाट. १९३६च्या सुमारास भयपटांचीच मागणी आटली, ब्रिटनमधल्या सेन्सॉरचा त्यांच्यावर रोख होता, त्यामुळे तिकडचा धंदाही बसला. लुगोसीचं घर गेलं. जानेवारी १९३८मध्ये मुलगा झाला तेव्हा बाळंतपणाचा खर्च नटांच्या मदतनिधीने उचलला.

त्याच वर्षी लॉस एंजलिसच्या रेजिना थिएटरच्या मालकाने गल्ला जमेना म्हणून ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘सन ऑफ काँग’ एका तिकिटात लावले. रांगा हटेनात. कंपनीला पुन्हा भयपटांची आठवण झाली. १९३९च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये लुगोसीला मान मोडलेल्या इगोरची भूमिका मिळाली. दिग्दर्शक रोलंड ली याला दया आली आणि त्याने ती जमेल तेवढी वाढवली. दाढीत लपलेला, खोडसाळ, लबाड इगोर पाहिला की हा माणूस किती पल्ल्याचा नट होता ते कळतं. अभिनय म्हणून मी त्याला ड्रॅक्युलाच्या वर ठेवीन. पण लोकांना हवा होता झगा. आणि झग्यातही खरा ड्रॅक्युला त्याने मोठ्या चित्रपटात दोनदाच केला. दुसऱ्यांदा १९४८मध्ये, अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीबरोबर.

आता त्या सुईविषयी. व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मौजमजेतून वाहवत गेलेला माणूस येतो. लुगोसीचं तसं नव्हतं. त्याला सायटिका होती, कळा पायांत उतरत, आणि चित्रीकरणाला उभं तर राहायलाच हवं. डॉक्टरांनी मॉर्फीन दिलं. अफूपासून काढलेलं हे औषध वेदना मारतं यात शंका नाही. पण शरीर हळूहळू त्याला सरावतं, काल पुरलेली मात्रा आज पुरत नाही, आणि औषध थांबवलं की अंग मोडून येणं, घाम, थंडी, पोटात पिळे, झोप उडणं. मग माणूस औषध घेतो ते सुखासाठी नव्हे, नुसतं जसंच्या तसं राहता यावं म्हणून. पिशाच्चाच्या कथेत नेमकं हेच आहे. ते रक्त पितं ते चैन म्हणून नव्हे, प्यायलं नाही तर गळून पडेल म्हणून. मॉर्फीननंतर डेमेरॉल आणि मेथाडोन आलं. मेथाडोन पुढे हेरॉइनचं व्यसन सोडवण्यासाठी जगभर वापरलं गेलं. लुगोसीच्या बाबतीत तेच बेडी झालं.

लिलियन ही त्याची चौथी बायको. १९३३मध्ये लग्न झालं तेव्हा तो पन्नाशीचा, ती विशीतली. तिने हे सारं निस्तरलं. सुया तीच देई, आणि देता देता मात्रा कमी करत नेई. लुगोसीने नंतर सांगितल्याप्रमाणे शेवटी शेवटी सुईत औषध नसेच, नुसती टोचणी. रिकाम्या सुईवर हा माणूस शांत झोपू लागला. तो सुटला होता. पण त्याचा संशयी, हुकमी स्वभाव सुटला नव्हता. १९५३ साली, वीस वर्षांच्या संसारानंतर, लिलियन मुलाला घेऊन वेगळी झाली. घर रिकामं झालं आणि सुई पुन्हा भरली.

कामाचेही वांधे होते. १९५१मध्ये ‘ड्रॅक्युला’ नाटक घेऊन त्याने ब्रिटनचा दौरा केला, पण गावोगाव फिरूनही लंडनच्या वेस्ट एंडपर्यंत नाटक पोचलं नाही. १९५३ला त्याला एड वूड भेटला. या उत्साही, भाबड्या आणि दिग्दर्शनाचा गंधही नसलेल्या तरुणाने त्याला ‘ग्लेन ऑर ग्लेन्डा’ आणि मग ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’मध्ये घेतलं. जगातले वाईटात वाईट चित्रपट म्हणून ते दाखवले जातात. हसू येतंच, पण एक लक्षात ठेवावं, की तेव्हा लुगोसीच्या दारात दुसरं कोणी उभं नव्हतं.

१९५५च्या एप्रिलमध्ये त्याने जे केलं, त्याची हिंमत कळायला त्या काळची अमेरिका पाहायला हवी. १९५१च्या बॉग्ज कायद्याने अमली द्रव्य नुसतं जवळ बाळगल्याबद्दल पहिल्याच गुन्ह्याला किमान दोन वर्षांची सक्तीची शिक्षा आली होती. पुढच्याच वर्षी, १९५६मध्ये, शिक्षा आणखी कडक होणार होत्या. हॉलिवूडच्या नीतिसंहितेनुसार तर हा विषय पडद्यावर आणायलाच मनाई. पिशाच्चांच्या चित्रपटांत तलफ एवढी का सामावली, याचं एक उत्तर इथे आहे. सुई दाखवता येत नव्हती, सुळे दाखवता येत होते. अशा दिवसांत एका नटाने उठून स्वतःचं व्यसन स्वतःच्या तोंडाने जाहीर केलं. हॉलिवूडमध्ये तोवर असं जवळजवळ कोणी केलं नव्हतं.

रूपकात जे सुचत नाही म्हणालो, ते हेच. पिशाच्चाच्या कथेला दोनच शेवट माहीत आहेत, छातीत खुंटी किंवा सकाळचं ऊन. ‘निअर डार्क’सारखा एखादा अपवाद सोडला तर सुटका म्हणजे मरण. सरदारकन्या डॉक्टरकडे गेली खरी, पण आजार काय हे तिला सांगता आलं नाही. लुगोसीने आजाराचं नाव घेतलं. व्यसनी माणसाला राक्षस म्हणणारी गोष्ट ऐकायला सोपी असते. राक्षसाला मारायचं असतं, दाखल करून घ्यायचं नसतं. आणि राक्षसाचा चेहरा म्हणून ज्याला जग ओळखत होतं, त्यानेच दाखल करून घ्या म्हणावं, याला काय म्हणावं?

न्यायाधीशांपुढे सुनावणी होऊन त्याला किमान तीन महिन्यांसाठी नॉरवॉकच्या मेट्रोपॉलिटन स्टेट हॉस्पिटलमध्ये, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. जुन्या मित्रांतले फार थोडे फिरकले. मदत आली ती कधी भेटही न झालेल्या फ्रँक सिनात्राकडून. यातही एक योग आहे. त्याच वर्षाअखेर सिनात्रा ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’मध्ये हेरॉइनच्या व्यसनात अडकलेल्या माणसाच्या भूमिकेत झळकला. ओटो प्रेमिंजरने तो चित्रपट नीतिसंहितेचा शिक्का न घेताच लावला, आणि १९५६मध्ये संहितेलाच वाकावं लागलं. तोंडाने नाव घ्यायची मुभा पडद्याला मिळाली ती लुगोसीने नाव घेतल्याच्या पुढच्या वर्षी.

५ ऑगस्ट १९५५ला तो बरा होऊन बाहेर पडला. वार्तापटाच्या कॅमेऱ्यापुढे त्याने दिलेली मुलाखत उपलब्ध आहे. थकलेला, पण टवटवीत, आता कामं करणार म्हणून सांगणारा. त्याच महिन्यात त्याने होप लिनिंजरशी लग्न केलं. ती लहानपणापासूनची त्याची चाहती, रुग्णालयात त्याला पत्रं लिहिणारी. सुई पुन्हा आली नाही. दारूचा आधार मात्र राहिला, आणि कामं आली ती तशीच. ‘द ब्लॅक स्लीप’मध्ये (१९५६) त्याला मुक्या नोकराची भूमिका होती. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी त्याने राक्षस नाकारला, ते आता निमूट पत्करलं. १६ ऑगस्ट १९५६ला, बाहेर आल्यापासून वर्ष आणि अकरा दिवसांनी, लॉस एंजलिसच्या भाड्याच्या घरात तो हृदयविकाराने गेला. वय त्र्याहत्तर.

त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यात पुरलं, आणि तशी त्याचीच इच्छा होती, असं सांगतात. पहिलं खरं, दुसरं नाही. हा निर्णय मुलाचा आणि लिलियनचा होता. त्याला ते आवडलं असतं असं त्यांना वाटलं. पुढे हा मुलगा वकील झाला. ड्रॅक्युलाच्या मुखवट्यांवर आणि खेळण्यांवर बापाचा चेहरा छापून युनिव्हर्सल पैसे मिळवते आणि वारसांना छदाम नाही, म्हणून कुटुंबाने दावा लावला. १९७९मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, चेहऱ्याचा हक्क माणसाबरोबरच संपतो म्हणून. पण या खटल्याने उठलेल्या चर्चेतून १९८०च्या दशकात तिथे कायदा झाला आणि मृत कलावंतांच्या वारसांना तो हक्क मिळाला. १९९४च्या टिम बर्टनच्या ‘एड वूड’मध्ये लुगोसीचं काम करणाऱ्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं. खुद्द लुगोसीच्या वाट्याला साधं नामांकनही आलं नव्हतं. त्याच १९९४ साली न्यू यॉर्कमध्ये बेतलेल्या ‘नादिया’ या पिशाच्चपटात ड्रॅक्युला म्हणून लुगोसीच्याच ‘व्हाइट झोंबी’मधले जुने तुकडे वापरले गेले.

मरणाआधी एड वूडने त्याची काही मिनिटांची मूक दृश्यं टिपून ठेवली होती, नेमकी कुठल्या चित्रपटासाठी ते ठरलेलं नव्हतं. पुढे ती ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’मध्ये चिकटवली. उरलेल्या भागात वूडच्या बायकोवर उपचार करणारा एक हाडवैद्य तोंडावर झगा ओढून वावरतो. तो लुगोसीपेक्षा बराच उंच आहे. पण त्या खऱ्या तुकड्यांतल्या एकात लुगोसी एका साध्या बैठ्या घरातून बाहेर येतो. दिवसाचं ऊन आहे. झाडाचं एक फूल तोडतो, हुंगतो, आणि काठी टेकत चौकटीबाहेर निघून जातो.